अडकलेली कॅसेट

आप्पांचा मुलगा कानिफनाथ गाडी घेऊन नगरहून आला, तेव्हा कंपनीच्या जुन्या टेपाच्या जागी नवा स्टिरिओ बसला होता. मोबाईल जोडला की हवं ते गाणं लागत होतं. पण भर उन्हाळ्यातही काचा वर करून एकटेच मळ्यात जाणारे आप्पा डिकीत, सीटखाली काहीतरी शोधत होते.

"काय हुडकताय, आप्पा?"

"जुना टेप कुठाय?"

"दिला भंगारात."

"त्यात एक कॅसेट अडकली हुती."

"काढली ना. वाजवून बघितली, तर आपल्या सारिकाचं शाळेतलं भाषण. पंधरा ऑगस्टचं."

नऊ वर्षांपूर्वी आप्पांच्या लेकीने, सारिकाने, परजातीत लग्न केलं, त्या दिवशी आप्पांनी सगळ्या भावकीसमोर, ती मेली असं सांगून तिच्या नावानं आंघोळ केली होती. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"मग... कुठाय ती?" आप्पांनी गाडीचं दार घट्ट धरलं.

कानिफनाथने स्टिरिओचा आवाज कमी केला.

"आंघोळ तुमी तवाच केली हुती, आप्पा. जाळायचं तेवढं राहिलं हुतं. ते मी आज उरकलं."