रिकामं मनगट

डोळे मिटा पाहू. नको, राहू दे, मिटलेत तर वाचणार कसे? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुमच्या उजव्या मनगटाला एक पट्टा बांधलाय. तुम्ही एका मोठ्या गोदामात आहात. उंच मांडण्यांवरून वस्तू काढायच्या आणि खोक्यांत भरायच्या. हात थांबला, अगदी नाक पुसायला थांबला, तरी पट्टा ओरडतो : टीं टीं. मग मनगट छातीशी आणायचं आणि डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचं. म्हणजे ‘चुकले, लागते कामाला’ असं पट्ट्याला सांगायचं. जमलं? आता हेच रोज, दिवसभर.

भिंगरीची आई हे काम करायची. भिंगरी एका जागी बसत नाही म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. पण हल्ली घरात एका जागी न बसणाऱ्या दोघी झाल्या होत्या. आई जेवता जेवता उठायची. घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालायची. दाराची बेल वाजो की बाबांचा फोन, तिचं मनगट छातीशी यायचं आणि अंगठा त्यावर दाबला जायचा. पट्टा तर गोदामातच काढून ठेवलेला असायचा. झोपही उडाली होती. एक दिवस गोदामात तिला रडू फुटलं आणि काही केल्या थांबेना. तेव्हा तिला आठवडाभर घरी पाठवलं.

पाठवण्याआधी कंपनीच्या समुपदेशक बाईंनी तिला एका गार खोलीत बसवलं. खोल श्वास घ्यायला शिकवलं. फार गोड बोलल्या. “पट्टा सगळ्यांनाच आहे. त्रास मात्र तुम्हाला एकटीलाच होतोय. म्हणजे बघा, गडबड पट्ट्यात नाही.” आणि त्यांनी बोट हळूच स्वतःच्या कपाळाला लावलं.

आईला ते पटलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाबांनी ‘मन घट्ट कर’ म्हणून सांगितलं, आणि शेजारच्या काकूंना काय सांगायचं तेही ठरवून टाकलं.

“पाठ दुखतेय म्हणायचं. कळलं ना, भिंगरी? नाहीतर लोक आईला वेडी म्हणतील.”

त्यामुळे काकू आल्या की भिंगरी साखळी न काढता दार बोटभर उघडायची आणि म्हणायची, “पाठ दुखतेय.” एवढं बोलून ती दार पटकन लावून घ्यायची.

सोमवारी जाऊन काम सोडायचं, असं आईनं ठरवलं होतं. “माझं डोकंच कच्चं,” ती म्हणायची. “बाकीच्या करतातच ना.”

रविवारी त्या बाकीच्यांपैकी चौघी तिला भेटायला आल्या. गोदामात बोलायला थांबलं की पट्टा वाजतो, म्हणून वर्षभर शेजारी शेजारी काम करूनही त्यांना एकमेकींचं फारसं ठाऊक नव्हतं. सगळ्यांत वयानं मोठ्या होत्या त्या मोठ्या ताई. एक होती भोंगा. तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा, पण आज तीही दवाखान्यात आल्यासारखी कुजबुजत होती.

“पाठ कशी आहे?”

“आहे आपली.”

“शेक घे.”

“घेते.”

चहा निवून गेला. भिंगरीनं कप आत नेऊन गरम करायला ओव्हनमध्ये ठेवले. ओव्हन वाजायच्या आत बंद करायचा, असा घरात नवा नियम होता. पाहुण्यांच्या गडबडीत ती तो साफ विसरली.

टीं टीं टीं.

ती धावत बाहेर आली. आईचं मनगट छातीशी होतं, अंगठा त्यावर दाबलेला. आता सगळ्यांना कळलं, म्हणून आईनं मान खाली घातली होती.

“आई,” भिंगरी हळूच म्हणाली, “वर बघ.”

मोठ्या ताईंचं मनगट छातीशी होतं. भोंग्याचं होतं. उरलेल्या दोघींचंही होतं. सगळी मनगटं रिकामी, आणि प्रत्येकीवर एक अंगठा दाबलेला.

मग मोठ्या ताईंनी विचारलं, “त्या गार खोलीत तुला काय सांगितलं गं?”

“त्रास मला एकटीलाच होतो म्हणून.”

“मलाही तेच सांगितलं.”

“मलाही,” भोंगा म्हणाली. “आणि तुझी पाठ?”

“पाठ ठणठणीत आहे माझी.”

“आमच्याकडे गुडघा सांगतात,” मोठ्या ताई म्हणाल्या.

“आमच्याकडे पित्त,” कोपऱ्यातून आवाज आला.

आणि भोंगा हसली. तिच्या खऱ्या आवाजात. काय झालं म्हणून बाबा आतून धावत आले, तर पाचही जणी डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. आई सगळ्यांत जास्त हसत होती. कितीतरी दिवसांनी ती खुर्चीत मागे रेलून बसली होती.

“गोळ्या सोडू नकोस हं,” मोठ्या ताई म्हणाल्या. “मीपण घेते. झोप लागते त्यानं. पण उद्या तू एकटी जायचं नाहीस. सगळ्या मिळून जाऊ त्या खोलीत. बघू, मावतो का.”

बाबा एक खुर्ची ओढून आईशेजारी बसले.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. आईचा हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा मांडीवर येऊन बसला.

भिंगरीनं दार बोटभर उघडलं. बाहेर काकू होत्या.

“एवढं काय हसताय गं? आईची पाठ कशी आहे?”

भिंगरीनं वळून आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. तशी भिंगरीनं साखळी काढली, दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि म्हणाली, “पाठ कधी दुखतच नव्हती, काकू. आत या ना, आई सांगेल.”