दाराचं पान

ऑफिसचा जिना चढून धापा टाकत आलेले हर्डीकर सर शलाकावर उखडले, "ते दाराचं पान आधी उडव!"

कंपनी बनवत असलेल्या लिफ्टची माहिती देणारी वेबसाइट संध्याकाळी मेकॅनिक लोकांसाठी खुली होणार होती. तिथं दाराच्या पानावर शलाकानं सरळ लिहिलं होतं: वीज जाऊन आली की लिफ्ट मजल्यावर नसतानाही कधीकधी दार उघडतं.

"मी नाही उडवणार," म्हणत तिनं कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी पान उडवून साइट तयार करायची कमांड दिली. स्क्रीनभर लाल ओळी उमटल्या. साइट बनेचना.

"एक लिंक तुटली तरी साइट बनत नाही, सर. आणि दाराच्या पानाची लिंक मी प्रत्येक पानावर दिलीय."

"मग सगळ्या लिंक काढ!"

"काढते. पण मग उद्यापासून तुम्ही जिना सोडून आपल्याच लिफ्टनं वर यायचं."