गौरीच्या गालावरची बोटं

चांदीच्या दोन गौरींपैकी एकीचा मुखवटा चोरीला गेला होता. पोलिसांच्या ठसेतज्ज्ञ नीलाक्षीने उरलेल्या मुखवट्यावर ठसे दाखवणारा खास दिवा धरला, तसे कधीच पुसून गेलेले ठसेसुद्धा माणसागणिक वेगळ्या रंगात उजळले.

"चोर सापडला," ती म्हणाली. "घर रंगवायला आलेला माणूस."

कुणी ऐकलंच नाही. थोरल्या कुमुदताई गौरीच्या गालांवरची हिरवी बोटं बघत होत्या. दिव्याला जोडलेल्या पडद्यावर त्या बोटांपुढे नाव आणि वर्षं आली होती: रेवती. दर वर्षीचे ठसे.

"नवरा गेल्यावर गौरीला शिवायचं नसतं, माहीत नव्हतं तुला?" त्या धाकट्या जावेवर कडाडल्या. रेवतीने मान खाली घातली.

"अहो, चोर पळून जाईल तिकडे!" नीलाक्षी वैतागली.

"जाऊ दे! आधी हे निघालं पाहिजे." कुमुदताईंनी मुखवटा ओढून नेला आणि चिंचेने खसाखसा घासून आणला.

नीलाक्षीचं डोकंच फिरलं. तिने पुन्हा दिवा लावला. मुखवटाभर कुमुदताईंची लाल बोटं उमटली होती. गालांवरची हिरवी मात्र जिथल्या तिथे होती.

"घासा अजून," ती म्हणाली. "तुमचेच ठसे वाढतील."