वसईचा सरासरी हात

पक्षाघाताने उजवा हात गेल्यापासून रेजिना टीचरनी पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. पण भाची लिनेटच्या लग्नात चर्चमध्ये धून आपलीच वाजली पाहिजे, हा हट्ट कायम होता. डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी सगळे सूर संगणकात भरले. संगणकाने ते वाजवले, तेव्हा लिफ्टचं दार उघडं राहिल्यासारखं वाटलं.

"यात जीव घालू, मावशी," म्हणत लिनेटने हातांची यादी उघडली. हल्ली कुठल्याही मठ्ठ फाइलला कुणाचाही हात, म्हणजे वाजवण्याची ढब, लावून मिळत असे. आधी तिने व्हिएन्नाचा लावला.

"फार इस्त्रीचा आहे," टीचर म्हणाल्या. "शेवटी काय लिहिलंय?"

"वसई, सरासरी. इथल्या घराघरांतलं वाजवणं ऐकून बनवलाय."

"लाव. हसू तरी."

धून सुरू झाली. वरचे सूर चढताना ती किंचित अडखळली आणि घाईने सावरली. टीचर ताठ बसल्या. लहानपणी मोडलेल्या बोटामुळे त्या नेमक्या तिथेच अडखळत. वसईत पियानो शिकवणाऱ्या त्या एकट्याच, आणि चाळीस वर्षं प्रत्येक मुलाला बजावत आल्या होत्या, की माझं हे तेवढं उचलू नका.

"ही चूक काढू का?" लिनेटने विचारलं. "एक बटण आहे."

"दाबून तर बघ," टीचर म्हणाल्या. "एकाही कार्ट्याने ऐकलं नाही माझं. लाव पुन्हा पहिल्यापासून."