समोरची रेषा

“पाह्यलंय त्यांनी तुम्हाला. टोपलं भरलं की येतील,” असे सांगून कडूबा सरांच्या पत्नी सगुणाबाई चहा ठेवण्यासाठी आत वळल्या.

“हाक मारू का?” राधेश्यामने विचारले.

“नका. येतील ते.”

तिघे पाहुणे ओट्यावरच्या बाजेवर अंग चोरून बसले. तीर्थपुरीच्या शिवारातील ते घर लहानसे होते आणि पुढे मोसंबीची बाग होती. मैदानाच्या एका रेषेवरून समोरची रेषा दिसावी, तितक्या अंतरावर कडूबा सर फळे तोडीत उभे होते.

जुन्या जालन्याच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापकपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले होते. गेल्या हंगामात अंतिम सामना हातचा गेला, तेव्हा हे तिघे ज्यात होते त्या चाहत्यांच्या जमावाने त्यांच्या स्कूटरला चपलांचा हार घातला. सरांनी तो शांतपणे उतरवला, ज्याची त्याला सापडावी म्हणून एकेक चप्पल जोडीने मांडून ठेवली, आणि ते गावी निघून आले. त्यानंतर संघाने एकही सामना जिंकला नव्हता. येत्या करंडकातही पराभव झाला तर संघ मोडायचा, असे ठरले होते. म्हणून हे तिघे सरांना परत बोलवायला आले होते.

“काय तोंड दाखवावं यांना?” गयासोद्दीन हळूच म्हणाले. त्यांचा मुलगा अदनान त्या संघाचा गोलरक्षक होता.

“तोंड दाखवा हो. पायातल्या चपला तेवढ्या लांब काढा,” राधेश्याम म्हणाला. त्याचे धान्याचे दुकान होते आणि थट्टा करण्याची त्याला सवय होती. या वेळी कोणी हसले नाही. मग त्यालाही आपल्या बोलण्याचा संकोच वाटला.

तातेराव कापडाचे व्यापारी आणि चाहत्यांचे पुढारी. त्यांनी घसा साफ केला.

“माणूस गुणी, हे मी कधी न्हाई म्हटलं न्हाई. समोरच्या रेषेवर दुसऱ्या संघाचा कोच पोरांच्या कानाला लागायचा, अन् इकडं सर लाल रुमाल हलवायचे. मंग बराबर त्याच बाजूनं चाल यायची.”

“जाफराबादवाले तर म्हणायचे, ह्यो माणूस मंत्र मारून येतो,” राधेश्याम म्हणाला.

“पण ताठा फार,” तातेराव पुढे म्हणाले. “आपण पाठीमागून घसा फोडून राह्यलो, अन् हे एकदा तरी वळले? फोन केला तर बाई उचलणार. साहेबांना आपल्याशी बोलायला सवड न्हाई.”

गयासोद्दीननी बागेत उभ्या सरांकडे पाहिले.

“मी एकदा मागून सलाम केल्ता,” ते म्हणाले. “जवाब आला न्हाई. ते मनात राह्यलं. म्हणून हार घातला त्या दिवशी मी मधी पडलो न्हाई.”

आतून कपबशांचा आवाज आला. तेव्हा तातेराव सरकून बसले. सगुणाबाईंच्या कानी पडू नये म्हणून त्यांनी दाराकडे पाठ केली, बागेकडे तोंड वळवले आणि स्वर खाली आणला.

“आता ऐका. येवढ्या करंडकापुरतं यांना न्यायचं. जिंकलो की शाल-नारळ द्यायचा. मंग माझे जावई अंगदराव संघ सांभाळतील. यांच्यापुढं आज एक अक्षर काढू नका.”

“हे बरं न्हाई, भाऊ. आधी बेइज्जत केलं, आता धोका द्यायचा?” गयासोद्दीन म्हणाले.

“मंग सांग त्यांना सगळं. ते आले न्हाईत अन् संघ मोडला, तर अदनान कुठं खेळंल?”

गयासोद्दीननी मान खाली घातली.

बागेत कडूबा सरांचे हात क्षणभर थांबले. मग ते पुन्हा फळे तोडू लागले.

सगुणाबाई चहा घेऊन आल्या. कप हाती देता देता म्हणाल्या, “एक सांगते. ते आले की समोर बसून सावकाश बोला. ऐकू येत न्हाई त्यांना. लग्नाआधी तापात दोन्ही कान गेल्ते.”

“बिलकुल न्हाई?” राधेश्यामने विचारले.

“बिलकुल न्हाई. तोंडाकडं पाहून समजून घेत्यात सारं. पाठीमागचं काहीच न्हाई. संघात कुणी ठेवणार न्हाई म्हणून बोलले न्हाईत कधी. आता काय लपवायचं?”

गयासोद्दीननी कप खाली ठेवला. ज्या सलामाचा राग त्यांनी इतकी वर्षे जपला, तो सलाम त्या मनुष्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. राधेश्यामने डोळे मिटून घेतले.

तातेरावही खजील झाले. तरी काही वेळाने त्यांनी विचारले, “म्हंजी वहिनी, त्या सामन्यात लोक जे ओरडले, ते…”

“तुमच्याकडं पाठ होती ना त्यांची.”

तातेरावांनी दीर्घ श्वास सोडला. एवढ्या लज्जेतही त्यांना किंचित सुटल्यासारखे वाटले.

इतक्यात कडूबा सर आले. त्यांनी टोपले ओट्यावर ठेवले, धोतराच्या सोग्याने हात पुसले आणि निवडून एकेक मोसंबी तिघांच्या हाती दिली. मग गयासोद्दीनकडे वळून त्यांनी कपाळाशी हात नेला.

“सलाम, भाई. एक मागचा राहून गेल्ता म्हणं.”

गयासोद्दीन उठून उभे राहिले. त्यांनीही कपाळाशी हात नेला.

सर तातेरावांच्या समोर बसले. त्यांच्या मुद्रेवर राग नव्हता.

“करंडकापुरता येतो, तातेराव. अंगदरावांना उद्यापासनंच माझ्याजवळ बसवा, काम हाती येईल त्यांच्या. अन् शालीचा खर्चा करू नका.”