श्रावणातल्या गोगलगायी

वाटी रिकामी! सकाळीच मी हॉलमधल्या काचेच्या टाकीत हात घालून, पोवळ्यांवरची एकेक गोगलगाय चिमट्याने उपटून त्या वाटीत टाकली होती. डबे भरून परत येते तर आत नुसतं पाणी. रोज वेचूनही या भवान्या संपत कशा नाहीत, म्हणून मी कपाळ बडवून घेत होते. खाऱ्या पाण्यात जिवापाड जपलेली माझी पोवळी त्यांनी कुरतडून पांढरीफटक केली होती.

"मी सोडल्या परत टाकीत," सासूबाई देवघरातून शांतपणे म्हणाल्या. "श्रावण आहे. घरात हत्या नको."

"अहो आई, त्या पोवळी खातात!"

"खाऊ देत की. दगडच तर आहेत."

"दगड नाहीत हो! पोवळं जिवंत असतं. खातं, वाढतं. या बयांनी सोललं की मरतं!" माझा आवाज चढला तो चढलाच.

समईची वात सारताना त्यांचा हात थांबला. बोटातल्या अंगठीकडे त्या बघतच राहिल्या. लग्नाआधी मंगळासाठी वडिलांनी घातलेलं लालभडक पोवळं, कधीच न काढलेलं.

संध्याकाळी मी पुन्हा चिमटा घेऊन टाकीपाशी बसले आणि डोक्याला हातच लावला. तळाच्या वाळूत त्यांची अंगठी अलगद ठेवलेली होती. तिच्या पोवळ्यावर एक गोगलगाय सावकाश चढत होती.

"अगं, बघत काय बसलीस?" मागून सासूबाई कडाडल्या. "काढ तिला!"