अडलेला पेला

नवी कादंबरी सगळ्यांनी वाचायची, तिला शोभेल असं पेय पर्लितानं घरीच जमवायचं आणि एकच पेला साऱ्याजणींत फिरवायचा, अशी लुसेना गावातल्या त्या बायकांची रीत. जिच्या हाती पेला येईल, तिनं आधी पुस्तकावर बोलायचं, मग पिऊन तो पुढे द्यायचा.

आजची कादंबरी पर्लिताच्या लेकीची, अमिहानची होती. पहिलीच. वर लेखिकेचं नाव दुसरंच घातलेलं, म्हणून पर्लिताखेरीज कुणाला पत्ता नव्हता. लेक स्वयंपाकघरात लिंबं चिरत होती, कान इकडे लावून. गोष्टीतल्या विधवेसाठी पर्लितानं नारळाच्या दारूत लिंबू पिळलं होतं आणि पेल्याच्या काठाला मीठ लावलं होतं.

"मीठ काय लागतंय गं जिभेला," रोविना म्हणाली.

"पुस्तकाचं बोल," पर्लिता म्हणाली.

"छान आहे की. लिंबू अजून थोडं चाललं असतं."

पेला फिरत राहिला. कुणी मिठाचं बोललं, कुणी नारळाचं. पर्लिता आतल्या आत चरफडत होती.

म्हाताऱ्या होसेफानं मात्र पेला हातातच धरून ठेवला.

"प्या की मावशी, पेला अडलाय," रोविना कावली.

"अडू दे. ज्या पोरानं आईचं घर विकलं, त्यालाच ती विधवा जेवायला वाढते? झोप उडालीय माझी. का वाढलं तिनं, ते आधी सांगा कुणीतरी."

आतली सुरी थांबली. अमिहान ओल्या हातांनीच दारात आली.

"लिहिताना मी खूप समजावलं तिला, मावशी," ती म्हणाली. "ऐकलंच नाही तिनं."